माळा, मोड आणि मोडी

पितृपक्ष संपत आला की आमच्या घरात दरवर्षी एक ठरलेलं भांडण होतं. विषय एकच, माळा. यंदा त्याला जरा जास्त धार आहे, कारण आमची इमारत पुनर्विकासाला जायची आहे आणि दिवाळी झाली की घर रिकामं करून द्यायचं आहे. चिरंजीवांनी बंगलोरहून फोनवर निकाल दिला, "आई, वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते सगळं टाकायचं. दिवाळीच्या आत माळा मोकळा पाहिजे." सूनबाईंनी सोबत एक व्हिडिओ पाठवला. त्यात सांगितलं होतं की वस्तू हातात घ्यावी, आनंद झाला तर ठेवावी, नाही तर निरोप द्यावा. मंडळी, गुडघ्याचा पट्टा हातात घेऊन मला आजवर एकदाही आनंद झालेला नाही. म्हणून टाकू की काय?

असो. मुलांचं चुकतं असं नाही. टाकावं लागणारच आहे. पण माळ्याचा इतिहास मुलांना ठाऊक नाही, आणि मी तर इतिहास शिकवणारी बाई. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी खोड जात नाही. म्हणून हा लेख.

लग्न होऊन मी १९७४ साली खटाव तालुक्यातल्या सासरी आले तेव्हा तिथलं घर माळवदाचं होतं. कमी पावसाचा मुलूख, त्यामुळे मातीचं धाबं. चार महिने पाऊस झिरपून, ओल धरून, भिंतींचे पोपडे निघालेले असत. धान्याला किडे, अंथरुणाला कुबट वास, जमिनीला भेगा. ऊन पडायला लागलं की घट बसायच्या आत सगळं घर उलटंपालटं व्हायचं. गोधड्या ओढ्यावर, भिंतींना पांढरी माती, जमीन सारवायची, पेटीतली लुगडी उन्हात. दिवाळीची साफसफाई म्हणतो ती मुळात ही पावसाळ्यानंतरची डागडुजी आहे. खरिपाचं धान्य घरात यायचं, त्याआधी कणग्या आणि बळदं कोरडी हवीत, एवढं साधं कारण.

पण साध्या कारणाला आपल्या लोकांनी देवता जोडली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच रात्री एक दुसरा विधीही सांगितलेला आहे. आश्विन अमावास्येच्या मध्यरात्री बायकांनी सुपं आणि डिमडिमं वाजवत अलक्ष्मीला अंगणाबाहेर घालवायचं. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात व्रतांच्या आणि उत्सवांच्या भागात याचा उल्लेख केला आहे. ही अलक्ष्मी म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण, आपली अक्काबाई. ("अक्काबाईचा फेरा आला" म्हणतो ती हीच.) मला या विधीत एक गंमत वाटते. बाहेर काढायची ती अवदसा, वस्तू नव्हे. वस्तू बाहेर काढा असं कोणी सांगितलेलं नाही. सांगायची गरजच नव्हती, कारण टाकायला वस्तू होत्याच कुठे?

सासूबाईंच्या घरात कचरा म्हणजे काय तर केर आणि राख, आणि राखसुद्धा भांडी घासायला लागायची. नऊवारी लुगडं विरलं की त्याचं दुपटं, दुपट्याची गोधडीतली ठिगळं, उरलेल्याचं पोतेरं. पोतेरं शेणकाल्यात झिजून झिजून जमिनीतच जिरायचं. जरीचं लुगडं असेल तर जर विकत घेणारा माणूस यायचा. तो ती जाळून तिच्यातली चांदी काढत असे. कपडे घेऊन भांडं देणारी बोहारीण यायची आणि दोन पँटींवर एक चहाची गाळणी मिळावी म्हणून सासूबाई तिच्याशी तासभर हुज्जत घालायच्या. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हईवाला वर्षातून दोनदा यायचा. भाता, निखारे, नवसागराचा तो नाकात चढणारा धूर आणि मग कापसाच्या बोळ्याने एकदम चकाकणारा आतला भाग. ते बघायला मी नवी सून असूनही ओसरीवर जायची आणि बोलणी खायची. भांडं फुटलं, झिजलं तर मोडीत जायचं. म्हणजे तांबट वजनावर घ्यायचा आणि त्याचंच वितळून दुसरं भांडं व्हायचं. "मोड" हा शब्द आता मुलांना शेंगदाण्या-मटकीचाच माहीत आहे!

मग माळ्यावर काय असायचं? जे वापरात नाही पण ज्याची वेळ येणार आहे, ते. लग्नकार्याची मोठी पातेली, पाळणा, शेवयांचा पाट, बाळंतिणीची बाज, पत्र्याच्या पेट्या. माळा ही अडगळीची जागा नव्हती, ती वाट बघण्याची जागा होती. "अडगळ" या शब्दाला भालचंद्र नेमाड्यांनी २०१० साली आपल्या "हिंदू" कादंबरीच्या नावात "समृद्ध" हे विशेषण जोडलं, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चा झाली होती. म्हणजे जुनी मंडळी भेटायला जमलो होतो तेव्हा. मला ते विशेषण पटलं होतं.

आता माझा गुन्हा सांगते.

१९७८ साली आमच्याकडे स्टीलची हवा आली. गावात एकेका घरात स्टीलचे डबे, स्टीलची ताटं दिसू लागली. घासायला सोपी, कल्हई नको, चिंच नको. मी नोकरी करत होते, सकाळी साडेदहाला शाळा गाठायची, मला स्टील हवंच होतं. तालुक्याच्या गावी मोडीचं दुकान होतं. दसऱ्याच्या आधी तांब्यापितळेचं एक पोतं भरून मी तिथे नेलं. त्यात एक तांब्याचा मोठा हंडा होता. काठाला एका बाजूने पोचा आलेला, त्यामुळे डोक्यावर घेतला की पाणी त्याच बाजूने सांडायचं आणि पाठ भिजायची. मला त्याचा मनापासून राग होता. साडेआठ किलोला थोडा कमी भरला. बदल्यात सहा डब्यांचा स्टीलचा सेट आला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त हंडा बाहेर पडताना त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, जुन्या वळणाच्या आहेत.

दुसरा गुन्हा मोठा. त्याच्याआधी थोडं मागचं सांगायला हवं.

आमच्या यांच्या घरात कुलकर्णी वतन होतं. गावचा जमाखर्च, जमिनीच्या नोंदी, वसुली, सगळं लिहायचं काम पिढ्यान्‌पिढ्या एका घराकडे. लिहिणं मोडीत. बोरूने, आधी पानभर वरची रेघ ओढून घ्यायची आणि तिला लोंबकळणारी अक्षरं हात न उचलता लिहीत जायची. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा १९५० साली झाला आणि १ मे १९५१ पासून वतन संपलं. (मी तेव्हा दोन महिन्यांची होते!) गावाचं दप्तर तलाठ्याकडे गेलं. घरचे खाजगी कागद मात्र घरीच राहिले. दोन पेट्या. त्याच्या तीन वर्षं आधी, फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर सातारा भागात ब्राह्मणांची घरं जळाली, त्यात अशा कितीतरी पेट्या गेल्या असतील. आमच्या पेट्या शेजारच्या पाटलांनी रात्री उचलून आपल्या गोठ्यात वैरणीखाली ठेवल्या म्हणून राहिल्या, असं सासूबाई सांगत.

आगीतून वाचलेल्या त्या दोन पेट्यांपैकी एक मी १९८४ साली रद्दीत घातली.

त्या वर्षी आम्ही बदलीमुळे शहरात आलो. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. एका पेटीला खालून वाळवी लागली होती. मामंजी पाच वर्षांपूर्वी गेले होते, आणि घरात मोडी वाचता येणारं दुसरं कोणी नव्हतं. माझ्या पिढीने शाळेत बाळबोधच गिरवली. समोर कागद असतात, भाषा आपली असते, आजोबांचा हात असतो, आणि एक अक्षर लागत नाही! निरक्षर माणसाला काय वाटत असेल ते मला त्या पेटीने शिकवलं. पण तेव्हा दिवाळी आठ दिवसांवर आली होती, हातात झाडू होता, आणि मी रद्दीवाल्याला हाक मारली. वाळवीचे म्हणून त्याने वजनात घट धरली.

आणि त्याच सहामाहीत मी वर्गात काय सांगत होते? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे!

मराठ्यांचा इतिहास आपण आज ज्या कागदांवरून सांगतो त्यातले पुष्कळ कागद लोकांच्या माळ्यांवरून, बळदांतून, फडताळांतून आलेले आहेत. राजवाड्यांच्या "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १७५० ते १७६१ या काळातली, पानिपतच्या मोहिमेतली पत्रं त्यात आहेत, आणि त्या कागदांचा शोध लागला तो वाईतल्या एका घरात. मग हा माणूस गावोगाव हिंडला. वतनदारांच्या, जोश्यांच्या, उपाध्यांच्या दारात उभा राहिला, लोकांचे संशय आणि अपमान सोसले, आणि असे बावीस खंड काढले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं त्यातही पुढाकार त्यांचाच. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे होते. ते शाळामास्तर (आमच्या जातीचे, म्हणजे खडूच्या जातीचे!). शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धन घराण्यांकडचे कागद वाचले आणि १८९७ पासून "ऐतिहासिक लेखसंग्रह" काढायला घेतला. पुण्यातलं पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात होतं, कापडी रुमालांत बांधलेलं. त्यातून निवडून रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये पंचेचाळीस भाग छापून आणले. हे मोठं काम, पण निदान ते कागद एका इमारतीत होते. राजवाडे-खऱ्यांना ते वाण्याच्या पुडीशी आणि वाळवीशी शर्यत लावून मिळवायचे होते. हे सगळं मी मुलांना रंगवून सांगायची. एका पोराने विचारलं, "बाई, लोक असे कागद टाकतातच कसे?" मी म्हटलं, "अज्ञान, दुसरं काय." घरी पेटी जाऊन महिना झाला नव्हता.

दप्तर हा शब्द बघा. कचेरीतल्या कागदांचं दप्तर, आणि त्यावरून पोराच्या पाठीवरचंही दप्तर. चाळीस वर्षं "दप्तर आवरा" म्हणत आले.

पण इथे एक गोष्ट मलाच मला सांगावी लागते, नाही तर हा लेख एकतर्फी होईल. कागद जपणं हे पुण्य आहे असं सगळ्यांना कधी वाटलेलं नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. मग ते लोण पुणे-नगर भागात गावोगाव पसरलं. बहुतेक ठिकाणी त्यांना माणूस मारायचा नव्हता, कागद मारायचा होता. ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याखाली काय लिहिलंय हे फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक. जोतीराव फुल्यांनी "शेतकऱ्याचा असूड"मध्ये भट-कुळकर्ण्यांवर जे कोरडे ओढले आहेत ते वाचताना मी नेहमी थोडी चुळबुळते, कारण त्या लेखणीच्या टोकाशी आमचं घर आहे. सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला तो उगाच नाही. तेव्हा आमची पेटी म्हणजे "पूर्वजांचा ठेवा" असं मी छाती फुगवून म्हणत नाही. गावातल्या कोणाच्या तरी गळ्याला बसलेला फासही तिच्यात असेल.

उरलेली पेटी या सप्टेंबरमध्ये खाली काढली. वॉचमन आणि त्याचा भाऊ, दोघांनी मिळून. मी खाली उभी राहून सूचना करत होते. ही पेटी इतकी वर्षं राहिली ती माझ्या शहाणपणाने नाही. तिच्यावर गाद्या होत्या म्हणून ती कोणाला दिसली नाही, एवढंच! उघडली तर वेखंडाचा वास अजून होता. सासूबाईंनी फडक्यात बांधून ठेवलेल्या पुरचुंड्या. वरचे कागद गिरणीचे, पिवळे, कडा तुटणारे. खालचे जुने, हातकागदाचे, जाड, आणि ते मात्र ठणठणीत. माझ्या १९७५ सालच्या पाठटाचणांच्या वह्या हात लावला की भुगा होतात आणि त्याच्या शंभर वर्षं आधीचा कागद खुळखुळ वाजतो. चिंध्यांचा कागद तो. बोहारणीच्या धंद्याला काही वेगळीच प्रतिष्ठा आहे म्हणायची.

माझ्या एका विद्यार्थिनीची मुलगी मोडीचा वर्ग करून आली आहे. ती तीन रविवार येऊन बसली. मी चहा करायची, ती वाचायची. शिवाजीमहाराजांचं पत्र निघेल अशी चिरंजीवांची आशा होती (फोनवरून). तसलं काही नाही. वाटणीपत्रं, विहिरीच्या पाळीचा तंटा, कोणाच्या मुंजीचा खर्च, देवळाच्या तेलाचा हिशेब. तिसऱ्या रविवारी तिने एक लहानशी चिठ्ठी उचलली. शके १८१८, पौष महिना. म्हणजे इंग्रजी १८९६-९७ चा हिवाळा. दुष्काळाचा. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, आणि माण-खटावात तर बोलायलाच नको. चिठ्ठी गहाणाची होती. आमच्या यांच्या पणजोबांनी गावातल्या सावकाराकडे ठेवलेली भांडी. ती मुलगी बोट ठेवून वाचत होती, "तांब्याचा हंडा एक, वजन पक्के नऊ शेर, काठास पोचा..."

मी तिला थांबवलं. पुन्हा वाच म्हटलं. तिने पुन्हा वाचलं. काठास पोचा.

पक्का शेर किलोहून थोडा कमी. नऊ शेर म्हणजे साडेआठ किलोला थोडा कमी.

सात रुपये घेतले होते त्यावर. गावभर वसुली लिहिणाऱ्या घराने सावकाराच्या दारात हंडा ठेवून धान्य आणलं होतं. चिठ्ठीच्या पाठीवर दुसऱ्या हाताने एक ओळ होती. शके १८२०, आश्विन वद्य एकादशी, व्याजासह रक्कम पावली, जिन्नस परत. आश्विन वद्य एकादशी म्हणजे वसुबारसेचा आदला दिवस. दिवाळीला दाराशी आलं असताना त्यांनी तो सोडवून आणला. घासून, कल्हई करून, नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याच हंड्यात पाणी तापवलं असेल का, ते चिठ्ठीत नाही. सासूबाईंना ही गोष्ट सांगोवांगी माहीत होती की नव्हती, तेही मला आता कळायचा मार्ग नाही. हळदकुंकू मात्र लावलं होतं.

रात्री मी चिरंजीवांना फोन केला. हंड्याचं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आई, तुला कुठे माहीत होतं?" मग म्हणाला, "फोटो काढून ठेवू सगळ्यांचे." तो इंजिनिअर आहे, त्याला असं वाटणारच. फोटो काढतोच आहोत. पण प्रश्न पेटीचा आहे. त्यात गावातल्या इतर घरांचे कागदही आहेत, त्यांच्या नावांचे, जातीच्या उल्लेखांचे, जमिनीच्या तुकड्यांचे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि एकदम मोडी वाचणाऱ्यांना शोधत लोक हिंडू लागले हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलंच असेल. काल ज्या कागदाची पुडी झाली असती तो आज कोणाच्या तरी मुलाच्या प्रवेशाला लागतो. १९८४ च्या त्या पेटीत कोणाकोणाची नावं होती कोण जाणे.

म्हणून असं ठरवलं आहे. पेटी पुण्याच्या मंडळाला द्यायची, यादी करून. त्याआधी आमच्या गावातल्या ज्या घरांची नावं ओळखू येतात त्यांना त्यांच्या कागदांचे फोटो पाठवायचे, पाटलांच्या नातवापासून सुरुवात करून. एका घराचं कर्जखत निघालं आहे, फेडल्याची नोंद त्याच्यावर कुठेच नाही. ते पाठवावं की नाही यावर आमच्यात दोन मतं आहेत. हे म्हणतात, कशाला जुनं उकरायचं. मला वाटतं, त्यांचं आहे, त्यांना द्यावं; जाळायचं असलं तर त्यांनी जाळावं.

बाकी माळा रिकामा होतो आहे. सहा स्टीलच्या डब्यांपैकी चार अजून आहेत, झाकणं घट्ट बसतात. सूनबाई म्हणाली, हे तरी टाका. मी त्यातला एक पुसून, वाळवून, त्यात वेखंड भरून ठेवलं आहे. पेटीबरोबर पाठवायला.

आता उठते. पुढच्या खोलीचे पंखे राहिले आहेत आणि घट परवा बसायचे आहेत.